कोकणातल्या दीड एकर आंबा-काजूच्या बागेसाठी पेट्रोलवरचा ग्रास कटर कोणता घ्यावा? टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

तुम्ही राहता पुण्यात, गावी जाणं महिन्यातून दोनदा, अर्धी बाग उतारावर, आणि दुकानदार ५२ सीसीचं टू स्ट्रोक स्वस्तात द्यायला बसलाय. नका घेऊ. ३५ सीसीच्या आसपासचं फोर स्ट्रोक घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

कारण ताकदीचं नाही, ऑइलचं आहे. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. कंपनी सांगेल तसं, लिटरला २० मिली किंवा ४० मिली. माझं पहिलं यंत्र टू स्ट्रोकच होतं. पडवीत दोन कॅन, दोन्ही पांढरे. एकात मिश्रण, दुसऱ्यात गाडीसाठीचं साधं पेट्रोल. घाईत मीच चुकीचा कॅन ओतला. अर्धा तास झकास चाललं, मग आवाज चिरका झाला आणि बंद पडलं. स्टार्टरची दोरी ओढायला गेलो तर हलेना. ऑइल नसल्याने पिस्टन धरला होता, म्हणजे आत घट्ट अडकून बसला होता. मी स्वतः उभा असून हे झालं. तुम्ही पुण्यात असताना गडी काय ओतेल, विचार करा.

फोर स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं. पण ते जेमतेम १०० मिली मावतं (होंडाच्या ३५.८ सीसी इंजिनात तेवढंच बसतं), म्हणून रोज सुरू करण्याआधी पातळी बघायची. पहिलं ऑइल दहा तासांनी बदलायचं, नंतर दर पन्नास तासांनी.

साइडपॅक (खांद्याला अडकवून बाजूला धरायचा) की बॅकपॅक (इंजिन पाठीवर)? सपाटीला साइडपॅक, सायकलसारख्या हँडलचा. उतारावर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, खाली आलेल्या फांद्यांखाली बॅकपॅक बरा. पाठ मात्र चांगलीच तापते. दुकानात टाकी भरून, पट्टे अडकवून दहा मिनिटं उभे राहा. जो चालवणार आहे त्यालाही उभा करा. आणि तालुक्याच्या गावात त्याचा क्लच, कार्बोरेटरचा पडदा मिळतो का ते आधी विचारा.

आता पुढे काय लावायचं. पावसाळ्यातलं कोवळं गवत नायलॉनच्या दोरीने छान जातं. दोरी आदल्या रात्री बादलीत भिजत टाका, सुकी दोरी काडकाड तुटते. गणपतीनंतर गवत कमरेएवढं होऊन देठ जून होतात, तेव्हा तीन पात्यांचं ब्लेड. रानमोडी, घाणेरीसारखी झुडपं असतील तर गोल दातेरी चक्र. ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. मी एक पाना त्यातच वाकवलाय. विळा फिरवतो तसं उजवीकडून डावीकडे कापत जायचं. कातळावर आणि गडग्याजवळ ब्लेड अजिबात नको, तिथे दोरीच. जांभ्याची एक कपची माझ्या चष्म्याच्या काचेला लागली होती, चीर अजून आहे. गवत अडकतं म्हणून गडी मागचा गार्ड काढून ठेवतात, तो काढू देऊ नका.

आणि झाडाच्या बुंध्याचं. हे कोणी सांगत नाही. दोरी नुसती घासली तरी कोवळ्या कलमाची साल निघते. माझ्या काजूच्या तीन कलमांना अशी सालीची पूर्ण अंगठी निघाली. महिनाभर पानं हिरवी होती, मग वाळली. तेव्हापासून बुंध्याभोवतीचं दीड-दोन फूट कोयतीने हातानेच बेणून घेतो, मगच यंत्र आत जातं. एवढ्यासाठी एक माणूस जास्त लागतो, पण पाच वर्षांचं कलम पुन्हा आणता येत नाही.

गमबूट हवेतच. फुरसं, हा विषारी साप, दगडाखाली असतं आणि इंजिनच्या आवाजात त्याचं खवले घासणं ऐकू येत नाही. चालू यंत्रापासून दुसऱ्या माणसाने पंधरा मीटर लांब राहायचं. पाण्याची बाटली घेऊन मागून येणाऱ्या पोराला हे दोनदा सांगा.

हंगामाचं काम संपलं की टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं आणि दोन-तीन महिन्यांत कार्बोरेटर चिकटतो. पुढच्या जूनमध्ये स्टार्टरची दोरी ओढून ओढून खांदा जातो आणि लोक म्हणतात यंत्रच भिकार.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा, पण पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.