वाजवताना रडतात, पखवाज काढून ठेवू का?

"मॅडम, ह्यांचा पखवाज माळ्यावर टाकू का?" साताऱ्याकडच्या एका ताईंनी बसायच्या आधीच विचारलं. यजमान १९९९ मध्ये कारगिलला होते, आता निवृत्त. त्या दिवसांबद्दल घरात कधी चकार शब्द नाही. पण गेले दोन महिने भजन आटोपून मंडळी पांगली, की एकटेच वाजवत बसतात आणि रडतात. "खपली निघतेय. पुन्हा आजारी पडले तर?"

फौजींच्या घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो. मी ताईंना बिली बँगची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कचा हा जॅझ व्हायोलिनवादक तरुणपणी व्हिएतनामच्या लढाईत होता. परतल्यावर एका जहाल गटात शिरला. गटासाठी बंदुका घ्यायला गहाणवटीच्या दुकानात गेला, तिथं टांगलेली व्हायोलिनं दिसली आणि त्यातलं एक विकत घेतलं. पुढं नाव झालं, पण युद्धाला सुरांत आणायला त्याला तीसेक वर्षं लागली. 'व्हिएतनाम: द आफ्टरमॅथ' हा अल्बम २००१ चा. टॉर्च आणि पिस्तूल घेऊन भुयारात उतरणाऱ्या सैनिकावरची रचना त्यात आहे. मला मोलाचं वाटतं ते हे, की साथीला घेतलेल्यांपैकी काही वादक स्वतः व्हिएतनामहून परतलेले होते. २००५ च्या पुढच्या अल्बममध्ये तर व्हिएतनामी कलावंतही आले.

"ताई, रात्रीचं वाईट स्वप्न ह्यांना विचारून येत नाही. पखवाज मात्र ते स्वतः उचलतात, स्वतः खाली ठेवतात. रडून झाल्यावर जेवतात, झोपतात ना? मग वाजवू दे. तासन्‌तास भानावर आले नाहीत, दारू सुरू झाली किंवा जगण्यात राम नाही असं बोलले, तर थांबू नका, लगेच फोन करा." झोप फार मोडलेली होती, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं.

मला खुपत होतं ते त्यांचं एकट्यानं वाजवणं.

पुढच्या वेळी ते स्वतः आले, पखवाज घेऊन. डाव्या बाजूला ओली कणीक थापताना बोटं थरथरत होती. मग एकच बोल, जड, थांबून थांबून. "हा तोफखाना," एवढंच म्हणाले. मी काही विचारलं नाही.

आता शेजारच्या गावचे एक निवृत्त जवान गुरुवारी टाळ घेऊन येतात. ताई त्या दिवशी कणीक मळताना पखवाजासाठी एक गोळा वेगळा काढून ठेवतात.