पुढे कडा, म्हणून रस्ता मोकळा
वाचकांचे सायकलप्रश्न

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे, गाड्या नसलेला रस्ता कुठे मिळेल. म्हणून सगळं सदर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या रस्त्यांनाच देऊन टाकलंय.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, दोन वर्षं झाली रोड बाईक चालवतोय. दर रविवारी सिंहगड नाहीतर लोणावळा, आणि दोन्हीकडे गाड्याच गाड्या. मागच्या महिन्यात एका कारचा आरसा कोपराला घासून गेला. बायको म्हणते एकतर सायकल विक नाहीतर रस्ता बदल. शांत रस्ता शोधायचा तरी कसा?

उत्तर : वहिनींचं अगदी बरोबर आहे, रस्ता बदला. सायकल विकू नका.

आपल्याकडे गाड्या कुठे असतात ते बघा. ज्याला मुंबईला नाहीतर कोकणात उतरायचंय तो खंडाळा, ताम्हिणी, वरंधा, माळशेज असा घाट धरतो, म्हणजे गर्दी घाट उतरणाऱ्या रस्त्यांवर. पण देशावरून पश्चिमेला जाणारे कितीतरी रस्ते घाट उतरतच नाहीत, ते सरळ कड्यापाशी जातात आणि संपतात, पुढे खाली कोकण दिसतं पण गाडीला वाट नाही. अशा रस्त्यावर जाणार कोण, तर त्या गावचीच माणसं, एखादी पिकअप, आणि दिवसातून मोजक्या वेळा एसटी. म्हणून नकाशा उघडला की मी आधी रस्ता कुठे संपतोय ते शोधते. कड्यावर संपत असेल तर डोळे मिटून निघायचं.

तुम्हाला जवळचं म्हणजे आहुपे. मंचर, घोडेगाव, डिंभे. डिंभ्यापर्यंत भीमाशंकरच्या गाड्या सोबत असतात (श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर तिकडे फिरकूच नका), पण धरणापाशी ती सगळी गर्दी पोखरी घाटाकडे वळते आणि तुम्ही बॅकवॉटरच्या कडेकडेनं आत जाता, आणि मग एकदम इतकं शांत होतं की आपल्याच चेनचा आवाज ऐकू यायला लागतो. मला तर पहिल्यांदा वाटलं सायकलीचं काहीतरी बिघडलंय, थांबून बघितलं, काही नव्हतं, एवढे दिवस तो आवाज गाड्यांखाली दबलेला होता. फाल्गुन-चैत्रात गेलात तर घरांपुढे, रस्त्याच्या कडेला हिरडा वाळत घातलेला दिसेल, हिरवा असतो तो उन्हात काळा पडत जातो, त्याच्यावरून चाक नेऊ नका, त्या घराची वर्षाची कमाई आहे ती. शेवटी आहुपं, गावाची देवराई, आणि मग कडा. मंचरला गाडी लावून सायकलवर जाऊन-येऊन अख्खा दिवस धरा.

एक मात्र मनापासून सांगते. याच भागात माळीण आहे. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर गावावर आला, दीडशेवर माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा पाहिलं ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला असेल तर या उतारांखालून सायकल काढायची नाही, कितीही हिरवंगार दिसलं तरी. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा उजाडू द्या.

प्रश्न : मी साताऱ्यातला निवृत्त शिक्षक, वय ६६. डॉक्टरांच्या परवानगीनं सायकल सुरू केली. यवतेश्वरचा घाट चढताना जीव जातो, आणि वर पोचलं की कासच्या बाजूला बराच सपाट. सगळीकडे असंच का, एकदम भिंत आणि मग एकदम मैदान? थोडा थोडा चढ का नाही?

उत्तर : सर, तुम्ही जिना चढताय, लाव्हाचा जिना. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला, नुसत्या सह्याद्रीत नाही, आज उरलेला त्याचा पसाराच जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग बुडबुड्यांनी भोकं पडलेला आणि त्यामुळे मऊ. मऊ लवकर झिजतो, घट्ट तसाच कड्यासारखा उभा राहतो, म्हणून एक कडा, एक पायरी, परत कडा. परदेशी अभ्यासकांनी या खडकाला ट्रॅप म्हटलं तेही जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून. घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे थांबून बघा, दोन काळ्या थरांच्या मधे कधीकधी विटकरी मातीची पट्टी दिसते, एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जी माती तयार झाली ती खालच्या खाली भाजून निघाली. मी चढावर दम घ्यायला थांबते ते अशा पट्टीपाशीच, थांबायला कारण पण मिळतं. आणि कासच्या माथ्यावर तर जांभ्याचं टोपण आहे, म्हणून ते मैदान एवढं सपाट.

आता याचा उपयोग असा, की कडा आला की सगळ्यात हलका गिअर पहिल्या वळणाच्या आधीच टाकायचा, बोलता येईल एवढ्याच दमात चढायचं, आणि पायरी आली की वेग वाढवायचा मोह टाळून दोन मिनिटं श्वास खाली येऊ द्यायचा, कारण पुढचा कडा येतोच. तुमच्या दुकानदाराला विचारून मागची सगळ्यात मोठी चकती ३४ दातांची बसवून घ्या, या वयात गुडघा जपायचा. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार नकोच, २०१२ ला जागतिक वारशात नाव गेल्यापासून गर्दी फार. नोव्हेंबरात मधल्या वारी जा. बामणोलीपर्यंत उतरायचा मोह होईल, पण जेवढं उतराल तेवढं परत चढायचंय, तेव्हा पहिल्या वेळी कास तलावापासूनच मागे वळा.

प्रश्न : मी नाशिकची, वय ३८, हायब्रिड सायकल आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाला एकटीनं पूर्ण फेरी मारायचीय. घरचे नको म्हणतात. रस्ता कसा आहे, कधी जाऊ, आणि बाई माणसानं एकटं जाण्यासारखं आहे का?

उत्तर : आहे. मी तीनदा गेलेय, त्यातलं दोनदा एकटी.

शेंडीत आदल्या रात्री मुक्काम करा आणि उजाडताना निघा. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतं, पण चढ-उतार सतत आहेत आणि साम्रद ते रतनवाडी पट्ट्यात तुमचे हायब्रिडचे रुंद टायरच कामाला येतात. घाटघरला कोकणकड्यावर थांबा, रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळात सावलीत पाठ टेका, त्या दगडाचा गारवा दुपारी काय असतो ते तिथेच कळतं. पाऊण वाटेत कळसूबाई दिसत राहतं, १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. धरण १९२६ साली पुरं झालं, म्हणजे शंभर वर्षांचं पाणी आहे ते.

कधी, तर दिवाळीच्या आसपास. भात कापणीला आलेलं असतं, माणसं शेतात असतात, आणि माझ्या मते सोबत म्हणतात ती हीच, दर वळणावर कुणीतरी विळा थांबवून कुठनं आलात विचारतं. मे अखेर ते जूनमध्ये काजव्यांसाठी रात्रभर गाड्या येतात तेव्हा मी जात नाही, अंधारात हेडलाइटमध्ये सायकल चालवण्यासारखं तिथे काही उरत नाही आणि काजव्यांनाही तो उजेड नकोच असतो. मोबाईलची रेंज मधे जाते, त्यामुळे शेंडीत ज्यांच्याकडे उतराल त्यांना परतायची वेळ सांगून ठेवा, घरच्यांनाही त्यांचाच नंबर द्या, घरच्यांचं ‘नको’ निम्मं तिथेच कमी होतं.

आणि पाण्याचं. इथे महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्यांतली गावं आहेत, पण काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही, मार्च संपला की विहिरी तळाला जातात आणि बायका हंडे घेऊन लांब जातात. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते इथे खरं आहे. तेव्हा उन्हाळ्यात गेलात तर तीन लिटर आपलं आपण घेऊन जा, कुणाच्या दारात बाटल्या भरून मागू नका. ते नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मागायचं नाही. जेवण मात्र गावातच सांगा आणि पैसे विचारून पूर्ण द्या, पिठलं-भाकरी आणि नवा तांदूळ.

प्रश्न : घाट उतरताना ब्रेक किती धरायचे? माझे पॅड दोन महिन्यांत संपतात. (नगर)

उत्तर : सलग धरून ठेवू नका, दाबा-सोडा, पुढचा-मागचा दोन्ही, आणि सगळा वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळणात नाही. पावसात लाल मातीचा रेंदा रिमला लागतो आणि तो पॉलिशपेपरसारखं पॅड खातो, दर उतारानंतर फडक्यानं पुसा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खडी साचते, मी तिच्यावरूनच एकदा घसरले, गुडघा फुटला, शेतात तण काढणारी एक मावशी हातातलं टाकून आली, कळशीतल्या पाण्यानं जखम धुतली आणि मी उभी राहीपर्यंत हलली नाही. तेव्हापासून उतारावर माझा वेग पंचवीसच्या वर जात नाही.

प्रश्न : मी जुन्नरला अकरावीत आहे. माझ्याकडे साधी बिनगिअरची सायकल आहे. नाणेघाटाला जाता येईल का? मित्र हसतात.

उत्तर : येईल. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याहून वर आलेला माल ह्याच नाणेघाटातून जुन्नरला यायचा, बैलांच्या पाठीवर, त्यांना कुठे गिअर होते. आपटाळे, चावंड, घाटघर असा रस्ता धर. चढ लागला आणि पाय थांबला की खाली उतर आणि ढकलत चाल, त्यात कमीपणा काही नाही, मी अजूनही ढकलते. पण निघायच्या आधी दोन्ही ब्रेकचे रबर नवे टाक, साध्या सायकलीला येताना खरी परीक्षा ब्रेकची असते. पंक्चरचं सामान, पंप, दोन लिटर पाणी, डबा. एक लक्षात ठेव, मोबाईलवर नुसतं घाटघर टाकलंस तर तो भंडारदऱ्याजवळचं घाटघर पण दाखवतो, ते अकोले तालुक्यात, तुझं जीवधनच्या पायथ्याचं.

वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. दोन्ही बघ, लेखाला हात लावू नको. हसणाऱ्या मित्रांपैकी एकाला बरोबर घे, आणि परत आलास की कुठल्या चढाला उतरावं लागलं ते लिहून पाठव, पुढच्या वेळी इथेच छापते.