ग्वाल्हेरमध्ये गच्चीवरचं तापमान आणि आर्द्रता मोबाइलवर बघायची आहे. घरी बनवायच्या स्वस्त यंत्रात कोणता सेन्सर घ्यावा?

सेन्सरचं नंतर बघू. टांगणार कुठे ते आधी ठरवा.

आमच्या भाऊजींनी गेल्या मे महिन्यात चांगलं महागाचं तयार हवामानयंत्र आणलं आणि ग्वाल्हेरच्याच लश्कर भागातल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडला लागून ठोकलं. भर दुपारी आकडा ५३. लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो! दुसऱ्या दिवशी पेपरात ४५ आलं, तर म्हणे सरकार आकडे दाबतं. माझं नोडएमसीयू (ईएसपी८२६६ चिपचा स्वस्त वाय-फाय बोर्ड, त्याला सेन्सर जोडलेला) उत्तरेकडच्या सज्जात होतं, ते पेपरच्या आसपासच दाखवत होतं. त्याला सगळ्यांसमोर "तुझं खेळणं" म्हणाले. ताईसुद्धा हसली. मग मी त्यांचं यंत्र उतरवून माझ्याशेजारी टांगलं. थोड्या वेळाने दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे. त्यावर भाऊजी काय म्हणावेत? "म्हणजे तुझी जागाच थंड आहे!"

अहो, हवेचं तापमान सावलीतच मोजतात. वेधशाळेत ती पांढरी झडपांची पेटी शोभेला ठेवलेली नसते. उन्हातला सेन्सर स्वतः किती तापलाय तेवढंच सांगतो, मग तो शंभराचा असो की दहा हजारांचा.

तुम्हाला गच्चीच हवी असेल तर कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या घ्या. सगळ्यात वरची अखंड, बाकीच्यांचा मधला भाग कापायचा, आणि आट्यांच्या सळीवर बोटभर फटी ठेवून उपड्या बसवायच्या. सेन्सर आत, बोर्ड बाहेर. बोर्ड वाय-फाय चालू असताना तापतो, आणि सेन्सर त्याला चिकटून असला की अंश-दोन अंश फुकटचे वाढतात. दर दहा मिनिटांनी वाचन घेऊन बोर्ड डीप स्लीपला, म्हणजे गाढ झोपेत, घाला. त्यासाठी डी० ही पिन रीसेटला जोडावी लागते, नाहीतर तो उठतच नाही. कोड चढवताना मात्र ती तार काढा.

सेन्सर म्हणाल तर डीएचटी११ नको, त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते. डीएचटी२२ चालेल. बीएमई२८० उत्तम, पण त्या नावाखाली सर्रास बीएमपी२८० गळ्यात मारतात आणि त्यात आर्द्रता नसतेच. बीएमईची चिप चौरस असते, बीएमपीची किंचित लांबट. शंका आली तर कोडमधून चिप आयडी, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, वाचा: हेक्समध्ये (सोळाच्या आकडेपद्धतीत) ६० म्हणजे बीएमई, ५८ म्हणजे बीएमपी. आकडे मोबाइलवर आणायला एमक्यूटीटी (छोटे संदेश नेटवरून पाठवायची पद्धत) वापरा, कोड ढिगाने मिळतो.

हो, राहिलंच. नोडएमसीयूवरचा ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतो, राउटरवर तो बँड सुरू आहे ना ते बघा. आणि बीएमई घेतलात तर तो हवेचा दाबही मोजतो; तो दाब फोनमधल्या हवामानापेक्षा वीस-बावीस हेक्टोपास्कलने कमी दिसेल. फोन समुद्रसपाटीचा दाब दाखवतो, आपण दोनेकशे मीटर वर आहोत. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. भाऊजी गेले होते.