मोबाईलला वायफाय मस्त चालतंय पण लॅपटॉप काही केल्या जोडला जाईना, काय करू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जुळे सोलापूरला घर, सहा-सात वर्षांचा लॅपटॉप, विंडोज १०, आठवड्यापूर्वी लाइनवाल्याने राऊटर बदलून दिला आणि तेव्हापासून वायफायचं नाव दिसतं, पासवर्ड टाकला की थोडा वेळ गोल फिरतं आणि मग कनेक्ट होऊ शकत नाही म्हणून मेसेज. घरातले सगळे मोबाईल त्याच वायफायवर चालू. परवा बहिणीच्या ऍडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावं लागेल.

फॉरमॅट मारू नका. हे आधी सांगतो कारण आम्ही मारून बसलोय, त्याचं खाली लिहितो.

आणि दुरुस्तीच्या नादात फॉर्म ठेवू नका. अँड्रॉइड मोबाईल केबलने लॅपटॉपला लावा, मोबाईलच्या सेटिंगमधे हॉटस्पॉट आणि टेथरिंग असतं तिथं यूएसबी टेथरिंग चालू करा. केबल लावल्याशिवाय ते बटण दाबलं जात नाही, आणि केबल डेटावाली लागते, बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात त्यांनी काही होत नाही. मोबाईल घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, तुमचा मोबाईल डेटापण जात नाही. लॅपटॉपचं वायफाय कार्ड पूर्ण मेलेलं असलं तरी हे चालतं. फॉर्म भरा, पावती सेव्ह करा, मग निवांत बसून पुढचं वाचा.

आता आमचं रामायण. माझ्या दाजींचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, खाली माग, वर पत्र्याच्या शेडमधे ऑफिस. लाइट जाऊन येताना एकदा राऊटर जळाला, नवीन बसवला, आणि त्या दिवसापासून ऑफिसचा लॅपटॉप जोडला जाईना. माल हैदराबादला जायचा, गाडी भरून दारात उभी, ई-वे बिल (माल नेताना गाडीबरोबर लागतं ते, ऑनलाइन काढायचं) निघेना. दोन दिवस दाजी शेजारच्या कारखान्यात जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर बिल काढत होते, खिशात दोन-दोन मोबाईल असताना. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात नेला, त्याने विंडोज खराब झालीय म्हणून फॉरमॅट मारून दिला, पैसे घेतले, दुकानातल्या वायफायला जोडून दाखवला, बघा चालतंय म्हणाला. कारखान्यात आणला, परत तेच. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो, नाहीतर वर्षाचा हिशोब गेला होता.

मग रविवारी मला फोन. मी विचारलं, दाजी, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतोय का बघितलं का? म्हणाले, थांब बघतो... चालतंय की ओ! म्हटलं मग लॅपटॉपला काही झालेलं नाही.

हीच ती दोन मिनिटांची परीक्षा, तुम्हीपण करा आणि यूएसबीने नको, हॉटस्पॉटने करा. मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करायचं आणि लॅपटॉप त्याला वायफायने जोडायचा. जोडला गेला तर लॅपटॉपचं कार्ड, ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), विंडोज सगळं ठीक. मोबाईल घरच्या वायफायवर चालतोय म्हणजे राऊटर आणि लाइनपण ठीक. दोघं वेगवेगळे ठीक आहेत पण एकमेकांशी पटत नाही, आणि अशा भांडणात फॉरमॅटचा काडीचा उपयोग नाही. दुकानात चाललं तेव्हाच खरं तर हे समजायला पाहिजे होतं पण दुकानवाल्याला कोण विचारणार.

तुमच्याकडेही राऊटर बदलल्यापासूनच सुरू झालंय म्हणून माझा पहिला संशय सिक्युरिटीच्या सेटिंगवर आहे. वायफायच्या कुलपाचा प्रकार असतो, डब्ल्यूपीए२ हा २००४ पासूनचा आणि डब्ल्यूपीए३ हा २०१८ चा. सोलापुरात कसं, दुकानदार मराठीत बोलतो, गिऱ्हाइकाला नाही कळलं तर तेलुगूत, तेही नाही तर कन्नडमधे, आणि सौदा होऊन जातो. राऊटरपण असा ठेवता येतो, दोन्ही प्रकार चालतील असा. पण कोणी तो फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला तर तो एकाच भाषेवर अडून बसतो. नवीन मोबाईलना ती येते, जुन्या लॅपटॉपच्या कार्डाला येत नाही, आणि विंडोज बिचारी कारण न सांगता नुसतं जमत नाही म्हणते. विंडोज १० ला हा प्रकार २०१९ च्या अपडेटपासून कळतो पण नुसतं विंडोजला कळून भागत नाही, कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरलाही कळावं लागतं.

बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, ड्रायव्हर्स हे चार शब्द मधे स्पेस देऊन टाइप करा, इंग्रजीत अर्थात (netsh wlan show drivers). लांबलचक यादी येईल, त्यात कार्डाचं नाव असतं, कुठले रेडिओ प्रकार चालतात ते असतं आणि ऑथेंटिकेशनखाली कुलपांची नावं असतात. तिथं डब्ल्यूपीए३ पर्सनल नसेल तर चोर बहुतेक सापडला. दाजींच्या लॅपटॉपवर नव्हतंच.

उपाय राऊटरमधे आहे. राऊटर उलटा करा, खाली स्टिकर असतो, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा तसला पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. मोबाईल वायफायवर असताना तो पत्ता ब्राउझरमधे टाका, आत वायरलेस, त्यात सिक्युरिटी. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय असेल तर तो लावून बघा, तरी जमलं नाही तर सरळ डब्ल्यूपीए२-पीएसके, एन्क्रिप्शन एईएस. तिथंच टीकेआयपी म्हणून एन्क्रिप्शनचा जुना प्रकार दिसेल, तो घेऊ नका, स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. आणि वैतागून पासवर्डच काढून उघडं ठेवू नका, शेजारी खूश होतील फक्त. काही राऊटरमधे पीएमएफ म्हणून अजून एक खिटी असते, ती रिक्वायर्डवर असली तरी जुनी कार्डं अडखळतात, ती ऑप्शनल करा. स्टिकरवरचा लॉगिन चालत नसेल तर लाइनवाल्याने बदललेला असतो, त्यालाच फोन करून डब्ल्यूपीए२ ला टाकून द्या म्हणायचं, त्यांना घरी न येता तिकडून करता येतं बऱ्याचदा.

मग लॅपटॉपमधे जुनी ओळख पुसा. सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, तुमच्या वायफायच्या नावावर क्लिक करून फर्गेट, आणि परत जोडा. बऱ्याचदा नवीन राऊटरला लोक जुनंच नाव देतात म्हणजे मोबाईल-टीव्ही आपोआप जोडले जावेत, पण लॅपटॉप जुन्याच सेटिंगने दार ठोठावत बसतो, त्यामुळे हे पुसणं नुसत्या पासवर्डपेक्षा महत्त्वाचं. पासवर्डची खात्री नसेल तर मोबाईलमधे वायफाय शेअर करा दाबलं की क्यूआर कोड येतो त्याच्याखाली बऱ्याच मोबाईलमधे पासवर्ड लिहिलेला येतो, तो बघून टाका. तोंडी विचारू नका, कॅपिटल की स्मॉल यात आमच्याकडे अर्धा तास गेलाय.

दाजींकडे एवढ्याने जोडला गेला पण दर पाच मिनिटाला सुटायला लागला. ते दुसरं दुखणं. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि आजकाल दोन्हीला एकच नाव दिलेलं असतं. ५ वाला वेगवान पण भिंत आली की दम तोडतो, आणि खाली सगळे लोखंडी माग, वर पत्रा, त्याचं काय होणार. लॅपटॉप ५ ला चिकटायचा आणि गळायचा. राऊटरमधे जाऊन दोन्हीची नावं वेगळी केली, लॅपटॉप २.४ ला टाकला, तेव्हापासून शांत आहे. तुमचा राऊटर हॉलमधे आणि लॅपटॉप आतल्या खोलीत असेल तर हेपण करा. पेठांमधल्या जुन्या दगडी घरात तर दुसरा इलाजच नाही. आणि राऊटर पत्र्याला चिकटून ठेवू नका, मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं तेव्हा पत्र्याखाली माणूस हँग होतो तर राऊटर काय टिकणार.

याच्याशी मिळतंजुळतं अजून एक, तुमच्या वायफायचं नाव दिसतंय म्हणून तुम्हाला लागू नाही पण दुसऱ्या कोणाला होईल. काही जुन्या इंटेल कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर नवीन वायफाय ६ वाला राऊटर दिसतच नाही, बाकी आख्ख्या गल्लीची नावं दिसतात आणि आपलंच नाही. ड्रायव्हर नवीन टाकला की दिसायला लागतं.

आता समजा हॉटस्पॉटलाही जोडला नाही, तर मग दोष लॅपटॉपचा. एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरची वायफायची की बघा, हसू नका, पोरं गेम खेळताना दाबतात. मग रीस्टार्ट करा, शट डाऊन नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून भानगड आहे, शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवल्यासारखा राहतो आणि जुनी अडचण सकाळी तशीच उठते. रीस्टार्टमधे खरं बंद होऊन चालू होतं. त्यानेही नाही तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ऍडॅप्टर्स, तिथं वायफायवाल्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल, ड्रायव्हर डिलीट करायची टिक न करता, आणि रीस्टार्ट, विंडोज स्वतः परत बसवते. तिथंच प्रॉपर्टीजमधे पॉवर मॅनेजमेंटची टॅब असेल तर वीज वाचवायला हे बंद करू द्या अशा अर्थाची टिक असते ती काढा, झोपेतून उठल्यावर वायफाय जाणाऱ्यांना याने गुण येतो.

कार्ड यादीतूनच गायब असेल किंवा पिवळा त्रिकोण आणि कोड १० असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. मग चालू करा. ऐकायला अंगाऱ्या-धुपाऱ्यासारखं वाटतं पण आत उरलेला करंट निघून जातो आणि अडकलेलं कार्ड परत जागं होतं, मी स्वतः दोनदा बघितलंय.

नेटवर्क रीसेट हे सेटिंगमधलं बटण मी शेवटी ठेवतो. ते सगळे ऍडॅप्टर काढून परत बसवतं आणि साठवलेले वायफायचे पासवर्ड उडवतं, तेव्हा आधी लिहून ठेवा. आणि ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं अजिबात टाकू नका, ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, मॉडेल नंबर पाठीवर असतो. जोडला जातो पण साइट उघडत नाहीत असं झालं तर आधी लॅपटॉपची तारीख बघा, जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि ब्राउझर सगळ्या साइटना असुरक्षित म्हणायला लागतो.

दुकानवाला अजून एक सांगेल, विंडोज १० बंद झाली म्हणून असं होतंय, नवीन घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला हे खरं, सिक्युरिटीच्या दृष्टीने पुढे विचार करावा लागेल हेही खरं, पण त्याने वायफाय बंद पडत नाही. आणि कार्ड खरंच मेलेलं निघालं तरी यूएसबीचा वायफाय डोंगल मिळतो, मी घेतला होता तो सहाशेच्या आत आला, त्यासाठी आख्खा लॅपटॉप बदलायची गरज नाही.

हां, एक राहिलं. राऊटरमधे सिक्युरिटी बदलली की घरातली एखाद-दुसरी वस्तू रुसते, नवीन मोबाईलवर वायफाय फर्गेट करून परत जोडावं लागू शकतं. आमच्याकडे लॅपटॉप चालू झाला, मी घरी येऊन जेवायला बसलो, कडक भाकरी कुस्करून आमटीत टाकली आणि दाजींचा फोन, अहो आता तो गेटवरचा कॅमेरा बंद पडला की!