आदत खोंड आणि दुसा बैल

सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या पौष यात्रेत भरणाऱ्या खिलार जातीच्या बैलांच्या बाजाराची बातमी वाचून एकांनी विचारलं आहे : 'आदत खोंड' म्हणजे काय? हिंदीतली आदत, म्हणजे सवय लावलेला, औताला सरावलेला खोंड, म्हणजे तरुण बैल का? आणि 'दुसा' म्हणजे एकदा विकून झालेला, दुसऱ्या हातचा बैल का?

दोन्ही नाही. हे शब्द दातांचे आहेत. शिवाय आदत खोंड बहुधा औताला सरावलेला नसतोच, त्यामुळे पहिला तर्क नेमका उलटा पडतो.

'आदत' म्हणजे अदंत. बोलताना अनुस्वार गळाला आणि पहिला अ लांबला, एवढंच. सवयीची 'आदत' अरबीतून आलेली. तिचा याच्याशी काही संबंध नाही. गंमत अशी की अदंत म्हटलेल्या खोंडाला दात असतात, खालच्या जबड्यात पुढे चांगले आठ. पण ते दुधाचे, म्हणून बाजार ते धरत नाही. दोनेक वर्षांचा झाला की मधले दोन पडतात आणि रुंद, पक्के दोन येतात. झाला दुसा. दुहेरी, दुमजलीतला 'दु' तोच. आणखी एक जोडी आली की चौसा, मग सहादाती. साधारण चार-साडेचार वर्षांपर्यंत आठही दात येऊन ओळ जुळली की जुळीक किंवा जुळलेला.

लहानपणी आजोबांबरोबर अशा बाजारात गेलो होतो. त्यांनी एका खोंडाची वेसण धरून अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ खाली ओढला, क्षणभर बघितलं आणि सोडून दिला. मी वाकून बघितलं तर वर नुसती हिरडी. "आजोबा, याचे वरचे दात पाडलेत!" असं मी ओरडलो, तर दावणीवरची माणसं हसायला लागली. "आरं, जनावराला वर म्होरं दातच नसत्यात," आजोबा म्हणाले. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. दाढा असतात, पण त्या आत. मोजायचे ते खालचे.

दाखला नसलेल्या जनावराचं वय सांगणारी ही जागा, म्हणून शब्द एवढे नेमके. दुसा-चौसा म्हटलं की खरेदीदाराला कळतं, आता शिकवायचा आणि पुढची बरीच वर्षं ओढायला आहे. जुळीक झाल्यावर मात्र मोजायला काही उरत नाही; पुढे दातांची झीज बघून अंदाज करायचा, आणि तिथंच विकणारा सांगतो ते वय आणि घेणारा धरतो ते वय यांत दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. 'धर्माचे गायी आणि दात का गे नाही' ही म्हण याच सवयीवर बेतलेली : दान मिळालेल्या गाईचे दात काय बघता, ते पैसे मोजून घेतलेल्या जनावराचे बघायचे.

आता हे शब्द शहरातही ऐकू येतात ते बैलगाडा शर्यतींमुळे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये घातलेली बंदी डिसेंबर 2021 मध्ये अटींसह उठली आणि मोबाइलवर 'एक आदत एक बैल' अशा मैदानांच्या जाहिराती फिरू लागल्या. म्हणजे जोडीत एक अदंत खोंड आणि एक मोठा बैल. तिथं दातावरून होणारे वाद काही औरच असतात, पण तो वेगळा विषय.

लिहिताना 'आदत' लिहिलंत तरी चालेल. बाजारात तसंच म्हणतात आणि 'अदंत' कुणी उच्चारलं तर पशुवैद्यक आलेत असं वाटतं. एक मात्र सांभाळा. म्हशीच्या बाजारात 'दुसऱ्या वेताची' ऐकलंत तर ती दुशाची बहीण समजू नका. तिथं दात नाही, वेत, म्हणजे कितव्यांदा व्याली ते मोजलेलं असतं. पहिल्या वेताची ती पहिलारू.