बँकेची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून, तारखेचा कॉलम डीडी-एमएम-वायवायवायवाय करून सेव्ह करतो. आमचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर काही तारखा उलट्या घेतं, काहींना 'इनव्हॅलिड डेट' म्हणतं. सेव्ह करताना काय चुकतं?

सेव्ह करताना काहीच चुकत नाही. घोळ त्याआधी, फाइलवर डबलक्लिक केलंत तेव्हाच झालेला असतो.

उलटलेल्या तारखा सगळ्या बारापर्यंतच्या आणि अडलेल्या तेरापासून पुढच्या आहेत का, बघा. तसं असेल तर तुमच्या विंडोजचं रीजन, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेचं आहे. एक्सेलने ०५/०८ हा ५ ऑगस्ट न समजता ८ मे समजला. २५/०८ मध्ये पंचविसावा महिना कुठून आणणार? म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहिली. कॉलम रुंद करा, मजकूर झालेल्या तारखा डावीकडे चिकटलेल्या दिसतील. फॉरमॅट बदलून त्या हलत नाहीत, तिरक्या रेघेसकट तशाच फाइलमध्ये जातात आणि सॉफ्टवेअर त्या नाकारतं.

नाकारलेल्यांची काळजी करू नका, त्या निदान दिसतात. भीती गुपचूप आत गेलेल्यांची. एका पतसंस्थेचे हिशेब बघताना माझ्याकडे ३ एप्रिलची नोंद ४ मार्चला जाऊन बसली होती, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. ती शोधण्यात दोन दिवस गेले.

आता उपाय. बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका, बँकेची मूळ फाइल पुन्हा घ्या. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि मगच ती उघडा. ऑफिसचा संगणक आहे, सेटिंगला हात लावता येत नाही? मग फाइलचं एक्स्टेन्शन टीएक्सटी करा आणि एक्सेलच्या आतून, फाइल-ओपनने उघडा. विझार्ड, म्हणजे पायरीपायरीने विचारणारी खिडकी, येईल. तिसऱ्या पायरीवर तारखेचा कॉलम निवडून 'डेट: डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) करा. त्यानंतर तुमचा नेहमीचा फॉरमॅट द्या. सीएसव्हीत पडद्यावर दिसतं तेच उतरतं, त्यामुळे वर्ष चार अंकीच ठेवा; नाहीतर १९२८ साली जन्मलेले सभासद २०२८ साली जन्माला येतात.

सेव्ह झाल्यावर फाइल तपासायची ती नोटपॅडमध्ये. परत एक्सेलमध्ये उघडलीत तर ते पुन्हा आपल्या मनाने तारखा वाचणार, आणि चुकून सेव्ह दाबलं की पहिले पाढे पंचावन्न.

आणखी एक, कारण जुनं सॉफ्टवेअर म्हटलं की फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या काळातलंही निघतं. ते डीबीएफ, म्हणजे त्या काळच्या डेटाबेसची फाइल, मागत असेल तर एक्सेलचा नाद सोडा. २००७ पासून एक्सेल डीबीएफमध्ये सेव्ह करतच नाही. लिब्रेऑफिसचं कॅल्क करतं, आणि ते फुकट आहे. फक्त त्या कॉलममध्ये मजकूर झालेली एकही तारीख ठेवू नका.