नानांना विचारा : ज्यांना विधानसभाच नको होती

प्रश्न : नाना, नमस्कार. मी मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या लग्नाला मडगावला गेले होते. तिचे आजोबा जेवताना म्हणाले, "आम्ही दोन पानांवर शिक्का मारला, म्हणून आमची विधानसभा राहिली." मी मान डोलावली, पण कळलं काहीच नाही. दोन पानं म्हणजे अण्णाद्रमुक ना? ते गोव्यात कुठून आले? आणि मुळात जिथे आधी विधानसभाच नव्हती तिथे पहिली विधानसभा उभी कशी राहते? अध्यक्ष निवडलेला नसताना पहिल्या आमदारांना शपथ कोण देतं?
— एक विद्यार्थिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अण्णाद्रमुकचा जन्म 1972 चा. आजोबांची दोन पानं 1967 ची. त्यांच्याकडे येतो, पण आधी तुझ्या 'मुळात'कडे.

माझी नोकरी गेली तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत. त्यामुळे मला विधानसभा म्हटलं की भाषणं आठवत नाहीत, याद्या आठवतात. 1980 च्या दशकात पेठच्या बाजूला आमच्या यादीतून एक अख्खा पाडा गळाला होता. या गावच्या गुरुजींना वाटलं तो त्या गावात धरलाय, त्या गावच्यांना वाटलं या गावात. मतदानाच्या दिवशी एक म्हातारी डाव्या हाताची तर्जनी पुढे करून टेबलासमोर उभी राहिली. तिला शाई लावून घ्यायची होती. मी यादी तीनदा चाळली. शेवटी तिला बाजूला बसवलं आणि चहा पाजला, दुसरं हातात काहीच नव्हतं. ती संध्याकाळपर्यंत बसून होती.

सांगायचा मुद्दा हा, की सभागृह मतदानाच्या दिवशी जन्मत नाही. त्याच्या कितीतरी आधी कोणीतरी ठरवावं लागतं की इथला माणूस कोण, त्याचा मतदारसंघ कुठला, आणि निवडून गेलेल्याने करायचं काय.

गोव्यात हे सगळं पाटी पुसून करावं लागलं. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज राजवट संपली. पहिले काही महिने मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. निवडणूक हा शब्द गोवेकरांनी पहिल्यांदाच ऐकला असं मात्र नाही. लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी 1822 पासून निवडून जात. पण तो मताधिकार मूठभरांचा होता, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या अमलात उरलासुरला अर्थही गेला. आता प्रत्येक प्रौढाला मत द्यायचं तर पहिला प्रश्न आला नागरिकत्वाचा. मार्च 1962 मध्ये केंद्राने आदेश काढला : 20 डिसेंबर 1961 च्या आधी ज्याचा, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म तिथला, तो त्या तारखेपासून भारताचा नागरिक. पोर्तुगीजच राहायचं असेल तर महिन्याच्या आत तसं लिहून द्यायचं. माझ्यासारख्याला विचारशील तर गोव्याच्या विधानसभेची पहिली वीट ती.

मग राज्यघटना. बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश म्हणून परिशिष्टात आला. पण केंद्रशासित प्रदेशाला स्वतःचं विधिमंडळ कुठून द्यायचं? घटनेत तशी सोय नव्हती. 1962 अखेरच्या चौदाव्या दुरुस्तीने 239-अ हे कलम घातलं आणि हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, पुदुच्चेरी यांच्याबरोबर गोव्यालाही दार उघडलं. त्यावर 1963 चा केंद्रशासित प्रदेश शासन कायदा आला. निवडून द्यायच्या जागा 30 : गोव्याला 28, दमणला 1, दीवला 1. शिवाय तिघांपर्यंत नेमायचा हक्क केंद्राकडे. मंत्रिमंडळ असेल, पण केंद्राने नेमलेल्या प्रशासकाशी मतभेद झाला तर विषय राष्ट्रपतींकडे. म्हणजे किल्ल्या दिल्या, पण एक जुडगा दिल्लीत ठेवून.

मतदान 9 डिसेंबर 1963 ला झालं. पोर्तुगीज जाऊन दोन वर्षांना दहा दिवस कमी. एवढं काम एवढ्या वेळात झालं यावर माझ्यातला कारकून अजून विश्वास ठेवत नाही.

जाता जाता नाशिकचं सांगतो. त्याच 1963 साली आपल्याकडे लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. यशवंतराव चव्हाण चीन युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते आणि त्यांना खासदार व्हायचं होतं. नाशिकने त्यांना बिनविरोध पाठवलं. म्हणजे गोव्यातला माणूस पहिल्यांदा शिक्का हातात घेत होता त्या वर्षी नाशिककराला त्या निवडणुकीत शिक्का मारायची वेळच आली नाही! ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात तू शिकतेस, त्यांचीच ही गोष्ट.

शपथेचं सोपं आहे. प्रशासक एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतो. राज्य असेल तर राज्यपाल नेमतो. तो इतरांना शपथ देतो, मग सभागृह आपला अध्यक्ष निवडतं आणि हंगामी अध्यक्षाचं काम संपतं. गोव्याचे पहिले अध्यक्ष पां. पु. शिरोडकर. सभागृह पहिल्यांदा भरलं 9 जानेवारी 1964 ला, पणजीत मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात. हा वाडा मी पाहिलाय. आधी विजापूरकरांचा, मग पोर्तुगीज व्हाइसरॉयचा, मग सचिवालय. पर्वरीची नवी इमारत 2000 साली झाली, तोवर आमदार इथेच भांडत. शेजारी संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध गोमंतकीय पाद्री आबे फारियाचा पुतळा आहे, एका बाईवर दोन्ही हात रोखून संमोहन करतानाचा. आमदार रोज त्याच्या बाजूने आत जात, याची मला उगाच गंमत वाटते.

आता खरी मेख. निवडून कोण आलं? सिंह चिन्हाचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. साथीदार धरून 16 जागा. समोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष, चिन्ह हात, जागा 12. काँग्रेसला गोव्यात भोपळा; एक जागा मिळाली ती दमणची. मुख्यमंत्री झाले दयानंद बांदोडकर. ते सार्वत्रिक निवडणुकीला उभेच नव्हते, नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. आणि मगोचं मुख्य मागणं काय होतं? गोवा महाराष्ट्रात विलीन करा. म्हणजे ही विधानसभा मोडा आणि आमदार मुंबईला पाठवा. घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, आणि किल्ली मिळाली ती घर पाडा म्हणणाऱ्याला.

1965 मध्ये सभागृहाने विलीनीकरणाचा ठरावही केला. कायद्याने पाहिलं तर लोकांनी निवडलेल्यांनी ठरवलं, विषय संपला. सिक्वेरांचं म्हणणं वेगळं होतं : तुम्हाला पाच वर्षं कारभारासाठी निवडलंय, घरच मोडायचं असेल तर घरच्या प्रत्येकाला विचारा. मी महाराष्ट्राचा माणूस, आमच्या घरात सगळे विलीनीकरणवाले. तरी या वादात मला सिक्वेरांचंच पटतं. अखेर दिल्लीने 1966 च्या डिसेंबरात जनमत कौलाचा कायदा केला. कौल मोकळेपणाने व्हावा म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं.

16 जानेवारी 1967. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं. विलीनीकरण हवं त्याने फुलावर शिक्का मारायचा, केंद्रशासित राहायचं त्याने दोन पानांवर. ही तुझी दोन पानं. फुलाला मतं पडली 1,38,170. पानांना 1,72,191. फरक 34,021. गोवा वेगळा राहिला.

पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि पुन्हा मगोच जिंकला! बांदोडकर 1973 मध्ये जाईपर्यंत मुख्यमंत्री होते. कोणी म्हणतं गोवेकर चंचल. अजिबात नाही. फुलाची मतं काढून बघ, वैध मतांत शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस. मतदारसंघात चौघे-पाचजण उभे असले की एवढ्या मतांत उमेदवार आरामात निवडून येतो. दोनच चिन्हं असली की तेवढ्याच मतांत तो पडतो. माणसं तीच, प्रश्न विचारायची पद्धत बदलली. मी मोजणीच्या टेबलावर हे इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही.

आणि परीक्षेत मागे-पुढे कामाला येईल म्हणून : प्रत्येक नवी विधानसभा निवडणुकीतूनच येते असं लिहू नकोस. आपली महाराष्ट्राची तशी आली नाही. 1 मे 1960 ला द्वैभाषिक मुंबई राज्य तुटलं तेव्हा 1957 ला निवडून आलेले 396 आमदार वाटले गेले, 264 आपल्याकडे, 132 गुजरातला. भाऊबंदकीत भांडी वाटतात तसे. नव्या राज्याचा मतदार रांगेत उभा राहिला तो 1962 ला.

गोवा 30 मे 1987 ला पूर्ण राज्य झालं, पुढे जागा 40 झाल्या. त्या दिवशी दमण आणि दीव मात्र वेगळे काढले आणि त्यांना विधानसभा दिली नाही. तिथल्या माणसाला 1963 पासून आपला एक आमदार होता, तो गेला. त्याबद्दल कोणी लग्नात गोष्टी सांगत असेल तर ऐकायला आवडेल.

प्रश्न : आमचे वडील मूळ म्हापशाचे. नोकरीसाठी 1950 च्या दशकातच देवळाली कॅम्पात आले आणि इथेच राहिले. 1967 च्या कौलात आपण फुलाला मत दिलं असं ते नेहमी सांगत. देवळालीत केंद्र होतं का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नव्हतं. मत होतं ते गोवा, दमण, दीवच्या मतदार यादीत नाव असलेल्यांना. बाहेर राहणाऱ्या गोवेकरांनी मताचा हक्क मागितला होता, मिळाला नाही. म्हापशाच्या यादीत त्यांचं नाव राहून गेलं असेल आणि ते त्या सोमवारी तिथे पोचले असतील तरच शक्य आहे. घरात जुन्या पेट्या असतील तर बघा, जानेवारी 1967 चं गाडीचं तिकीट सापडलं तर मला कळवा. नाहीतर वडिलांचं मत मनातल्या मनात पडलं असं समजा. मुंबईत तशी बरीच पडली असतील.